एका पानात किती ओळी

श्रीरामपूरला रेल्वेने पहिल्यांदा येणारा माणूस स्टेशनाचे नाव वाचून थबकतो. शहर श्रीरामपूर, पण रेल्वेच्या लेखी स्टेशन बेलापूर. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८मध्ये सुरू झाला, तेव्हा या भागात नाव घेण्याजोगे गाव होते ते प्रवरेकाठचे बेलापूर. श्रीरामपूर हे शहर खूप नंतरचे. त्यात बेलापूर बुद्रुक वेगळे आणि बेलापूर खुर्द वेगळे. नवी मुंबईतले बेलापूर तर सगळ्यांच्याच ओळखीचे. म्हणून सरकारी कागदावर या गावाचे नाव कधी एकटे येत नाही. गाव, तालुका, जिल्हा असा तिपेडी मथळा माथ्यावर असतो आणि त्याखाली बाकीचा मजकूर. २०२४मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले, तेव्हा शेतजमिनीत तसूभरही फरक पडला नाही, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक उताऱ्याचा मथळा बदलावा लागला.

मथळ्याची ही ओळ सुट्या कागदाला घर देते. चाळीस पानांची यादी हातातून निसटून जमिनीवर पसरली, तर ती पुन्हा लावता येते ती मथळा, पानाचा क्रमांक आणि पानावरच्या ओळींच्या ठरीव संख्येच्या आधारावर. संगणकातल्या साध्या मजकुराच्या फाइलला मात्र यांतले काहीच नसते. तिच्यात पान नसते, समास नसतो. एकाखाली एक ओळी असतात आणि त्या संपतात तिथे फाइल संपते. तिला पाने पाडून देण्याचे काम गेली पन्नासहून अधिक वर्षे काही छोट्या आज्ञा करत आल्या आहेत. काळ्या पडद्यावर टंकायच्या, इंग्रजीत दोन ते पाच अक्षरी नावांच्या: पीआर, फोल्ड, एफएमटी, एनरॉफ. त्यांच्या पोटातले आकडे त्या काळच्या कागदांवरून आणि कचेऱ्यांवरून आले. हे आकडे दुसऱ्या मुलखातल्या कागदासाठी आणि दुसऱ्या लिपीसाठी बांधलेले होते, याची किंमत मराठी मजकुराने बराच काळ मोजली.

पण पाने पाडण्याची विद्या प्रवरेच्या खोऱ्यात नवी नाही. बेलापूरवरून वाहणारी हीच नदी पुढे नेवाशाला जाते, आणि नेवाशाला शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. पुढची काही शतके या ग्रंथाचा प्रसार हाताने केलेल्या नकलांतूनच झाला. पोथीचे पान आडवे आणि सुटे. शिवण नाही, बांधणी नाही. त्यामुळे क्रमांकाला फार महत्त्व. तो बहुधा पानाच्या मागच्या अंगाला, समासात घातलेला असे आणि त्याच्याजवळ ग्रंथाचे नाव आखूड करून लिहिलेले असे. एका पानावर किती ओळी बसवायच्या हे लेखक आधी ठरवी आणि शेवटपर्यंत पाळी. चूक झाली तर हरताळ फासून ती झाकायची. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत नव्हती. ओळ भरली की शब्द जिथे तुटेल तिथे तुटे आणि उरलेला भाग पुढच्या ओळीत जाई. वाचणाऱ्याला त्याचा त्रास होत नसे, कारण शब्द तुटला तरी अक्षर तुटत नसे. काना, मात्रा, वेलांटी आपापल्या व्यंजनाला धरून राहत. ही साधी शिस्त यंत्राला शिकवायला पुढे किती वर्षे लागली ते पाहिले, म्हणजे पोथी लिहिणाऱ्यांबद्दलचा आदर वाढतो.

मोडीच्या दप्तरातली रीत याहून वेगळी आणि जास्त कडक होती. मोडी लिहिणारा आधी शिरोरेघ ओढी. कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघा आखून झाल्या, की मग त्यांना अक्षरे लटकवायची. म्हणजे पहिले अक्षर उमटण्यापूर्वीच पानाच्या ओळी ठरलेल्या असत. लांब पत्रासाठी कागदाला कागद चिकटवत आणि त्या जोडावर शिक्का उठवत, म्हणजे मधलाच तुकडा कुणी काढून दुसरा लावू नये. मजकूर संपला तिथे मोर्तबाचा छोटा शिक्का. शिवाजी महाराजांच्या अशा शिक्क्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे होती. मजकुराची हद्द इथे संपली, यापुढे कुणी ओळ वाढवील तर ती खोटी, असा त्याचा अर्थ. मराठी राज्यकारभाराने पानाच्या हद्दीचा किती गंभीरपणे विचार केला होता, त्याचा हा शिक्का म्हणजे उत्तम पुरावा.

छापखाना आला तशी ही मोजणी शिशात उतरली. अहमदनगरचा त्यातला वाटा मोठा: अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२मध्ये याच शहरातून निघू लागले. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांना नीटस रूप दिले. खिळे जुळवणारा जुळारी ओळीची रुंदी हाताने सांभाळी. शब्दांमधल्या जागा कमीजास्त करून तो ओळ काटेकोर बसवी, आणि पान भरत आले की शिशाच्या पट्ट्या घालून किंवा काढून ते पुरे करी. पुढे तालुक्याच्या गावांत छोटे छापखाने निघाले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जाहीर सभांची पत्रके हा त्यांचा रोजचा व्यवसाय.

प्रवरेच्या काठी छापील आणि लिखित कागदाची भूक एकदम वाढली ती कालव्यांमुळे. भंडारदऱ्याचे धरण १९२६मध्ये पुरे झाले. प्रवरेचा डावा आणि उजवा कालवा वाहू लागला, कोरडवाहू शिवारांत ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालू झाला, आणि पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, सहकारी कारखाना उभा केला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. उसाबरोबर याद्या आल्या. कोणाचा ऊस, कोणत्या गटातला, किती टन, वजनकाट्याची पावती कोणती, सोसायटीची कपात किती, हातात किती. गावोगावच्या सभासदांच्या या याद्या रुंद असतात. रकाने पुष्कळ आणि नावे लांब. हाताने लिहिणारा कारकून नाव मावले नाही तर अक्षर बारीक काढतो. यंत्राला ते जमत नाही, त्याला रकान्याची रुंदी आधी सांगावी लागते.

आता थोडे दूर, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मरे हिलला जायला हवे. तिथल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची एक नवी कार्यप्रणाली घडवत होते, तिचे नाव युनिक्स. त्यांना मोठे यंत्र हवे होते आणि वरिष्ठ पैसे द्यायला तयार नव्हते. मग त्यांनी मजकूर टंकून, दुरुस्त करून, पाने पाडून देणारी व्यवस्था उभी करण्याचा प्रस्ताव मांडला आणि १९७०मध्ये पीडीपी-११ हे यंत्र पदरात पाडून घेतले. पहिले गिऱ्हाईक संस्थेच्याच पेटंट विभागाचे. पेटंटच्या अर्जांना ठरावीक पद्धतीची पाने लागत आणि ओळींना क्रमांक द्यावे लागत; रॉफ या कार्यक्रमाला ते करायला शिकवले गेले. १९७१च्या उत्तरार्धात पेटंट विभागाचे तीन टंकलेखक दिवसभर त्या यंत्रावर बसून अर्ज तयार करत. यंत्राची एकूण स्मृती होती २४ किलोबाइट. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि फोन ज्या घराण्यातले आहेत, त्या घराण्याला पहिला आश्रय मिळाला तो कचेरीतल्या कागदांना नीट पाने पाडून दिल्याबद्दल. संगणकाच्या इतिहासात या गोष्टीला मिळते त्याहून पुष्कळ मोठी जागा मिळायला हवी.

नोव्हेंबर १९७१मध्ये युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका निघाली. तिच्यात पीआर आहे. काम एवढेच: फाइल घ्यायची, तिची पाने पाडायची, प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख, फाइलचे नाव आणि पानाचा क्रमांक घालायचा. एका पानात ६६ ओळी. हा आकडा कुठून आला? अमेरिकन कागद ११ इंच उंच, आणि टंकलेखनयंत्र एका इंचात सहा ओळी मारते. अकरा सक सहासष्ट. त्यांतल्या पाच ओळी माथ्याला, पाच तळाला. मजकुराला उरतात ५६. रुंदी ७२ अक्षरांची, तेव्हाच्या टेलिटाइप यंत्रांच्या ओळीएवढी. आणखी एक सोय होती: कायदेशीर कामाच्या लांब कागदासाठी एक खूण दिली की ओळी ७८ होत. पेटंटवाल्यांचे तिथले वजन त्या आकड्यात दिसते.

पुढच्या आवृत्त्यांत पीआर अंगाने भरली. मजकूर दोन-तीन रकान्यांत लावणे, अनेक फाइली शेजारी शेजारी छापणे, मथळा आपल्या शब्दांत देणे, मधल्याच पानापासून सुरुवात करणे, असे पर्याय तिच्यात आले. एक बारकावा फार समंजस आहे. त्या काळी छपाई बहुधा माणूस बसलेल्या टेलिटाइपवरच होई, आणि त्याच यंत्रावर सहकाऱ्याचा निरोपही येऊन उमटे. पीआर चालू असताना असे निरोप बंद ठेवले जात. छापल्या जाणाऱ्या पानाच्या मध्येच कुणाचा ‘जेवायला चल’ उमटू नये, ही काळजी.

बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी यात भर घातली. बिल जॉय यांनी १९७७मध्ये फोल्ड लिहिली: लांब ओळ ठरावीक अक्षरांवर दुमडायची. कर्ट शोएन्स यांची एफएमटी जास्त हुशार. ती शब्द मोडत नाही, ओळी भरून घेते, परिच्छेद राखते. इकडे बेल लॅब्जमध्ये जो ओसाना यांनी रॉफचा विस्तार करून एनरॉफ लिहिली, आणि १९७३मध्ये आज्ञांची साखळी करण्याची युक्ती आली: एकीतून निघालेला मजकूर थेट दुसरीत. त्यामुळे एफएमटीने ओळी बसवायच्या, पीआरने पाने पाडायची आणि एलपी या छपाईच्या आज्ञेने कागदावर उतरवायचे, ही सगळी मजल एका ओळीत टंकता येऊ लागली. प्रत्येक आज्ञा एकच काम करते आणि ते चोख करते. हा विचार अजूनही जुना झालेला नाही.

हे सारे भारतात आले ते बँका, विमा आणि सरकारी खात्यांतून. १९८४मध्ये रिझर्व्ह बँकेच्या डॉ. सी. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली. एचसीएल, विप्रो अशा देशी कंपन्यांची यंत्रे आली, आणि त्यांच्यावर युनिक्स किंवा तिची धाकटी बहीण झेनिक्स सर्रास असे. जिल्ह्याच्या ठिकाणी नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरचे संगणक पोचले. संध्याकाळी व्यवहार बंद झाले की डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर सुरू होई आणि दिवसाची खाती कागदावर उतरत. तो कागद म्हणजे कंटिन्युअस स्टेशनरी: दोन्ही कडांना भोके, घडीवर घडी, आणि प्रत्येक घडीवर फाडण्यासाठी बारीक छिद्रांची रेघ. अरुंद कागदावर ८० अक्षरे, रुंद कागदावर १३२. एका खोक्यात शेकडो ताव सलग.

इथे एक इंच आडवा आला. आपल्याकडचा हा कागद बाजारात ‘दहा बाय बारा’ आणि ‘पंधरा बाय बारा’ या मापांनी मिळे. उंची बारा इंच, म्हणजे ७२ ओळी. पीआरला कुणी काही सांगितले नाही तर ती ६६च धरणार. पहिले पान ठीक येई. दुसऱ्या पानाचा मथळा मात्र पहिल्याच तावाच्या ६९व्या ओळीवर, छिद्रांच्या रेघेच्या अर्धा इंच वर उमटे. मजकुराची पहिली ओळ त्याच तावाच्या अगदी तळाशी येई आणि बाकीच्या ५५ पुढच्या तावावर जात. प्रत्येक पानागणिक मथळा एक इंच वर सरके. बारा पाने झाली की अकरा ताव संपत, कारण दोन्हीकडे ओळी ७९२च होतात, आणि तेराव्या पानाचा मथळा पुन्हा आपल्या जागी येई. ज्याने अशी यादी फाडून लावण्याचा प्रयत्न केला असेल त्याला हे गणित सांगावे लागणार नाही. उपाय सोपा होता. आज्ञेत उणे एल लिहून पुढे ७२ द्यायचे, आणि प्रिंटरच्या पोटात बारीक खटके असत, त्यांतला एक अकरा इंचांवरून बारा इंचांवर सरकवायचा. पण हे दोन्ही करायचे असते हे कुणीतरी सांगावे लागे, आणि इंग्रजी माहितीपुस्तिका अमेरिकन कागद गृहीत धरून लिहिलेली असे.

कागदाचा प्रश्न असा एका आकड्याने सुटला. लिपीचा इतक्या सहज सुटणार नव्हता.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर राज्यकारभार मराठीत चालवायचा होता, आणि कचेऱ्यांत तो काही काळ मराठी टंकलेखनयंत्रांनी चालवलाही. तालुक्या-तालुक्याला टंकलेखनाच्या संस्था होत्या. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या सरकारी परीक्षा देऊन हजारो मुलामुलींनी नोकऱ्या मिळवल्या. त्या यंत्राने देवनागरीशी एक चतुर तडजोड केली होती. काना मारला की गाडा एक घर पुढे सरके. मात्रा, उकार, अनुस्वार मारले की गाडा जागीच राही आणि खूण व्यंजनाच्या वर किंवा खाली बसे. म्हणजे कोणती खूण जागा खाते आणि कोणती खात नाही, हे यंत्राच्या सांगाड्यातच भरलेले होते. फुलस्केप कागद, दुहेरी अंतर, डावीकडे रुंद समास हे टंकलेखकाच्या बोटांना पाठ असे. स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर शंभर प्रती काढल्या तरी पान हलत नसे.

संगणकाकडे सुरुवातीला हे काहीच नव्हते. त्याच्या लेखी एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे कागदावरचे एक घर. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर झालेले काम १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले आणि जिस्ट या नावाने कार्ड व टर्मिनलच्या रूपात बाजारात उतरले. त्यामागची सांकेतिक पद्धत इस्की. १९९१मध्ये ती भारतीय मानक झाली. इस्कीमध्ये प्रत्येक वर्णाला एक बाइट होता, त्यामुळे तो मजकूर युनिक्समधून बहुधा आरपार जाई. मात्र ‘पू’साठी दोन बाइट आणि कागदावर घर एक, हा फरक उरलाच. बाइट मोजून रकाने लावले की ज्या नावात उकार-मात्रा जास्त, त्याच्यापुढचा रकाना डावीकडे ओढला जाई. छपाईतही अडचण होती. नऊ पिनांच्या प्रिंटरला शिरोरेघेच्या वर रफार आणि खाली जोडाक्षराचा उकार एका फेरीत नीट काढता येत नसे. चोवीस पिनांचे प्रिंटर आले तेव्हा अक्षर सुधारले, पण ते चित्र म्हणून छापावे लागे आणि वेग घटे. शिवाय इंचाला सहा ओळी मारल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडे. ओळी विरळ कराव्या लागत. म्हणजे मराठी पानात मावणाऱ्या ओळी इंग्रजी पानापेक्षा कमी.

याच सुमारास, १९८८-८९मध्ये, केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची पथदर्शी योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे जोडून होणारा सातबारा ही कागदाच्या दृष्टीने अवघड वस्तू आहे. चौकटी ठरलेल्या, पण एका गटाला एक खातेदार असतो तसे वीसही असतात. वारसांची नावे, इतर हक्क, फेरफारांचे क्रमांक, सालवार पिके. तलाठ्याने हाताने लिहिलेल्या उताऱ्यात कंसातली नावे आडवीतिडवी बसत आणि तरी वाचता येत. यंत्राला मात्र ठरवावे लागले की चौकट कुठे वाढेल, नाव कुठे मोडेल, पुढच्या पानावर मथळा पुन्हा कसा येईल. एका पानाचा उतारा दोन पानांचा झाला आणि दुसऱ्या पानावर गावाचे नाव नसले, तर त्या दुसऱ्या पानाला कायद्याने काय अर्थ उरतो? पानाचा मथळा ही शोभेची गोष्ट नव्हे, हे या एका कागदावरून समजते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८पासून मिळू लागला, आणि २०२०मध्ये नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावाबरोबर गावाचा संकेतांकही माथ्यावर आला.

जगातल्या लिप्यांच्या वर्णांना एकेक आकडा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या आराखड्यावर बेतलेला होता. पण युनिकोडचे आकडे जुन्या आज्ञांमधून न्यायचे कसे, हा पेच होता. तो सोडवला पुन्हा केन थॉम्प्सन यांनीच: सप्टेंबर १९९२मध्ये, न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, रॉब पाइक यांच्याबरोबर जेवताना, ताटाखालच्या कागदावर. त्या रचनेचे नाव यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो आणि देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन लागतात. ज्याने पाने पाडणाऱ्या आज्ञांचे घर बांधले, त्यानेच त्या घरात जगातल्या सगळ्या लिप्या शिरतील अशी वाट काढली. घरातल्या आज्ञा मात्र जुन्याच सवयीने मोजत राहिल्या.

‘बेलापूर’ हेच नाव घ्या. वाचणाऱ्याला दिसतात चार अक्षरे: बे, ला, पू, र. युनिकोडच्या हिशेबी वर्ण सात, कारण मात्रा, काना आणि उकार वेगळे मोजायचे. यूटीएफ-८मध्ये बाइट एकवीस. आणि पडद्यावर घरे किती, हे विचारणारे जे फलन युनिक्समध्ये असते ते बहुधा उत्तर देते पाच: मात्रा आणि उकाराला शून्य, कान्याला एक. जुन्या टंकलेखनयंत्राच्या गाड्याचाच हा हिशेब, नव्या अंगाने आलेला. चार, पाच, सात, एकवीस. रकाना लावणारी आज्ञा यांतला कोणता आकडा धरते त्यावर यादी सरळ येणार की वाकडी, हे ठरते.

जीएनयू या मुक्त संगणकप्रकल्पाची फोल्ड वर्षानुवर्षे बाइट मोजत होती. तिला दहाच्या रुंदीवर ‘बेलापूर’ दुमडायला सांगितले, तर ती ब, मात्रा आणि ल यांचे नऊ बाइट घेई आणि दहावा कान्याचा पहिला तुकडा घेऊन तिथेच ओळ मोडे. कान्याचे उरलेले दोन बाइट पुढच्या ओळीत. मोडलेल्या प्रत्येक ओळीवर चौकटीतले प्रश्नचिन्ह. पोथी लिहिणाऱ्याने जे कधी केले नाही, म्हणजे अक्षराच्या आत कात्री, ते इथे घडे. एफएमटी इतकी वाईट वागत नाही. ती फक्त शब्दांमधल्या जागेवर ओळ मोडते, त्यामुळे अक्षर शाबूत राहते. पण तीही बाइट मोजते, म्हणून ७५च्या रुंदीत मराठीचे चार-पाच शब्द बसले की तिला ओळ भरली असे वाटते. पान उजवीकडे अर्ध्याहून अधिक रिकामे राहते.

यातून वाट निघाली ती मोजण्याचे काम फाँटकडे सोपवल्यामुळे. अक्षर किती रुंद हे बाइट पाहून ठरवायचे नाही, अक्षर प्रत्यक्ष मांडून पाहायचे. डोव्ह ग्रोबगेल्ड यांची पॅप्स ही आज्ञा हेच करते: साधा मजकूर घेते, पँगो या मांडणीयंत्रणेकडून जोडाक्षरे जुळवून घेते आणि छपाईयोग्य पाने बाहेर काढते. मथळाही घालते, रकानेही पाडते. तिला लागणारा मराठी फाँटही महाराष्ट्रातच घडलेला मिळतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले लोहित फाँट रेड हॅट या कंपनीने २००४मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि तेव्हापासून ते युनिक्सच्या वळणाच्या लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर फुकट मिळतात. गावच्या ग्रामपंचायतीला, पतसंस्थेला किंवा वाचनालयाला हजार नावांची मराठी यादी नीट पाने पाडून छापायची असेल, तर आज एका आज्ञेत ते होते आणि त्यासाठी दमडी मोजावी लागत नाही. ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे. शाळांच्या संगणकवर्गात पडदे रंगवायला शिकवण्याऐवजी ही एक आज्ञा शिकवली तरी मुलांच्या हाती उपयोगी विद्या लागेल.

पीआर अजून आहे. बहुतेक लिनक्सवर ती आपोआप येते, आणि युनिक्सच्या आज्ञांसाठीच्या पॉझिक्स मानकाने तिचा मूळ आकडा अजून ६६च ठेवला आहे. मधल्या काळात आपल्या कचेऱ्यांतला कागद दोनदा बदलला. फुलस्केपच्या तेरा इंचांत ७८ ओळी बसत, कंटिन्युअस स्टेशनरीत ७२, आणि आता सगळीकडे असलेल्या ए-फोरच्या २९७ मिलिमीटरमध्ये ७० बसतात. सहासष्ट कधीच नव्हत्या. श्रीरामपूरच्या एखाद्या कचेरीत आज कुणी पीआर चालवली, तर उणे एलपुढे सत्तर लिहायला विसरू नये. मजकूर मराठी असेल तर ओळी आणखी विरळ कराव्यात, म्हणजे वरच्या ओळीतल्या ‘पू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘बे’च्या मात्रेत अडकणार नाही.